ढेकणमोहा व अंथरवण

माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी, गांव विचारलें कीं, 'बीडजवळ' एवढेंच सांगून खालीं बसे. पुढें कळलें कीं, त्याचें गांव ढेकणमोहा. नांव ऐकतांच बाकांवर हंशा पिकतो, हें त्याला अनुभवानें ठाऊक होतें. आणि खरें सांगावयाचें तर प्रथम मीही हंसलों. त्याच बीड तालुक्यांत अंथरवण पिंप्री आहे. तेव्हां ढेकूण व अंथरूण यांची सोय एकाच तालुक्यांत झाली, असा विनोद कोणालाही सुचावा. केज तालुक्यांतील विडा मात्र नांवापेक्षां धुळवडीस जांवयाला गाढवावरून मिरविण्याच्या चालीमुळेंच अधिक गाजलेला आहे.

हंसण्याला माझी हरकत नाहीं. हरकत आहे ती हंशामागून येणाऱ्या व्युत्पत्तीला. कानाला जें ऐकूं आलें तोच अर्थ धरावयाचा व त्यावर एक कथा बसवावयाची, ही आमची जुनी खोड. वस्तुतः नांव एकटें घेऊंच नये. त्याचीं भावंडें त्याच्या शेजारीं बसवावीं. ढेकणमोह्याजवळ रायमोहा, खोकरमोहा, मादळमोही हीं नांवें मांडून पाहा, म्हणजे मोहाचें झाड डोळ्यांपुढें उभें राहील. पहिल्या पदाचें कोडें उरतेंच. पण तें आतां झाडाच्या संबंधानें सोडवावयाचें, खाटेच्या नव्हे. अंथरवणाजवळ तिंतरवणी ठेवतांच 'वण' या पदाकडे लक्ष जातें, आणि अंथरूण गुंडाळून ठेवावें लागतें.

ग्रामनामें हें इतिहासाचें साधन आहे, ही दृष्टि महाराष्ट्राला इतिहासाचार्य राजवाडे (१८६३–१९२६) यांनीं दिली. तें ऋण मोठें आहे. परंतु नांवाच्या मुळाशीं बहुधा संस्कृत शब्दच शोधावयाचा, हा त्यांचा आग्रह मला पटत नाहीं. ज्या मुलखावर राष्ट्रकूटांनीं व कल्याणीच्या चालुक्यांनीं राज्य केलें, तेथें कानडीस दाराबाहेर उभें करून कसें चालेल? इंग्लंडांतील ग्लॉस्टरशर परगण्यांत 'अपर स्लॉटर' नांवाचें खेडें आहे. आजच्या इंग्रजीप्रमाणें ती 'वरची कत्तल' होते. जुन्या इंग्रजींत मात्र मूळ शब्दाचा अर्थ निव्वळ चिखलाची जागा असा आहे. १९२३ सालीं स्थापन झालेल्या इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीनें असलीं नांवें परगणावार, जुन्या कागदांतील रूपांसह प्रसिद्ध केलीं. आमच्याकडे साधनें नाहींत असें नाहीं. पुरुषोत्तमपुरीस यादव रामचंद्रदेवाचा शके १२३२ (इ. स. १३१०) चा ताम्रपट सांपडला, त्यांत दान दिलेल्या गांवांचीं नांवें आहेत. त्यानंतरच्या निजामशाहीचें दप्तर मात्र जपून वाचावें लागेल. १९४८ पर्यंतच्या त्या अमलांत अंबाजोगाईचें मोमिनाबाद झालें होतें.

वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय राज्यशासनानें २०२० सालीं घेतला, तो योग्यच झाला. तेथें माणसाचा अपमान होता. ढेकणमोह्यांत कोणाचा अपमान आहे? परंतु हें मीं त्या विद्यार्थ्यास पटवूं शकलों नाहीं. "सर, अर्ज केला तर मोहनगर करून मिळेल काय?" असें त्यानें एकदां विचारलें. अर्ज कर, पण त्यापूर्वीं आजोबांच्या वेळच्या कागदांत गांवाचें नांव कसें लिहिलें आहे तें पाहून ये, असें मीं सांगितलें. तो अद्याप आलेला नाहीं.