पेरोव्स्काइटचा रंग आणि मराठी परिभाषा

सीझियम, शिसे व ब्रोमीन ह्यांचे पेरोव्स्काइट-संयुग नारिंगी दिसते; त्याच पुडीवर जंबुपार किरण पाडले असता तीतून हिरवा उजेड निघतो. मराठी वर्णनांत ह्या दोहोंसाठी 'रंग' हा एकच शब्द योजिला जातो, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. पुडीचा रंग म्हणजे निळा-हिरवा प्रकाश गिळल्यावर उरलेला शेष होय. उजेड मात्र ऊर्जापट्टांमधील सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतराची खूण आहे. ब्रोमीनऐवजी क्लोरीन घातल्यास तो जांभळ्याकडे, आयोडीन घातल्यास तांबड्याकडे सरकतो. ह्या संयुगांची स्फटिकरचना मोलर ह्या डॅनिश संशोधकाने १९५८ साली उलगडली. झुरिकच्या संशोधकांनी २०१५ साली त्यांच्या नॅनोस्फटिकांतून जवळजवळ सारा दृश्य पट्टा मिळविला. बोलीत रंग आणि उजेड हा भेद आयता असता परिभाषाकार उपसर्गांची जुळणी करीत बसतात, हे चमत्कारिकच.

नावाविषयी एवढा आग्रह नको. शहाडला रेयॉनचा कारखाना आला आणि 'रेयॉन' हा शब्द भाषांतरावाचून घरोघर रुळला. तोही, गंमत अशी की, चकाकीवरूनच घडविलेला. गुस्टाफ रोझ ह्यांनी १८३९ साली पेरोव्स्की ह्या रशियन गृहस्थांचे नाव एका खनिजाला दिले, तेही तसेच राहू द्यावे.

खरी हानी 'दोष-सहिष्णुता' ह्या शब्दाने होते. पवईच्या आय.आय.टी.त आणि पुण्याच्या आयसरमध्ये ह्या द्रव्यांवर संशोधन चालते. तेथे जाऊ इच्छिणारा शहाड-कल्याणचा विद्यार्थी हा शब्द वाचून काय समजेल? मराठीत दोष म्हणजे कोणाचा तरी अपराध, आणि सहिष्णुता हा मनाचा गुण. येथे तर हॅलोजनची एखादी जागा रिकामी असते एवढेच. तिची ऊर्जापातळी बहुधा पट्टाच्या काठाशी पडते, मधोमध पडत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन तेथे अडकत नाही व प्रकाश वाया जात नाही. 'उणीव पचविणे' हा प्रयोग ह्या घटनेच्या अधिक जवळचा आहे. पचनाला मर्यादा असते, हेही त्यात आपोआप येते. ब्रोमीन-आयोडीनचे मिश्रण प्रकाशात राहिले की आयोडीनबहुल भाग वेगळे पडतात आणि उजेड तांबड्याकडे घसरतो. 'सहिष्णुता' वाचणाऱ्यास ही शंका कधीच येणार नाही.