आभासी जगातील आहार्य : वेष, स्थळ आणि औचित्य

भरताने अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले त्यांत आहार्याला, म्हणजे वेष व नेपथ्य यांना, आंगिक, वाचिक आणि सात्त्विक यांच्या पंक्तीत बसविले आहे. वेष हा अभिनयावर वरून घातलेला साज नसून तो अभिनयाचाच एक भाग होय, असा याचा अर्थ. संगणकावरील आभासी जगात अद्भुतरम्य भूमिका घेऊन वावरणारे लोक जी वेषरचना व स्थळरचना करतात ती या कसोटीस लावून पाहण्याजोगी आहे. कारण तेथे पात्राचे शरीरही निवडून घेतलेले असते, आणि आहार्य वगळले तर पात्रच उरत नाही.

इ. स. 2003 मध्ये खुले झालेले 'सेकंड लाइफ' हे अशा जगाचे ठळक उदाहरण. तेथील बहुतेक वस्तू रहिवाशांनीच घडविलेल्या आणि परस्परांना विकलेल्या असतात. नाट्यशास्त्रातील नेपथ्याचे चारही भेद तेथे आढळतात. किल्ले, गुहा व रथ हे पुस्त. वस्त्रे व दागिने हा अलंकार. त्वचेचा वर्ण व मुखलेखन ही अंगरचना. आणि घोडे, पक्षी, सर्प यांचा प्रवेश हा संजीव. वर्गीकरण जुळते, परंतु प्रयोजन पालटते. रंगभूमीवरील वेष प्रेक्षकासाठी असतो. येथे खेळणारा स्वतःच्या पात्राकडे बहुधा पाठीमागून पाहत असतो. नट आणि प्रेक्षक एकाच व्यक्तीत सामावल्याने वेषाच्या हौसेला आवर घालणारा कोणी राहत नाही.

यातून दोन दोष संभवतात. पहिला अतिरेकाचा. मराठी रंगभूमीने तो अनुभवलेला आहे. 1913 मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने वेष व रंगसामग्री यांचे अपूर्व वैभव दाखविले. पण त्या वैभवाबरोबर कर्जाचा भारही मंडळीच्या माथी आला. उलट कोकणातील दशावतारात एक पडदा व एक बाकडे एवढ्यावर राजसभा उभी राहते. बाकड्याला सिंहासन करण्याचे काम पात्राची बैठक आणि प्रेक्षकाची संमती यांनी होते. आभासी जगात सिंहासन रेखीव मिळते. त्यावर बसणाऱ्याला राजेपण मात्र विकत मिळत नाही.

दुसरा दोष उसनेपणाचा. टोकदार कमानींचा वाडा, लोखंडी चिलखत आणि धुके हा युरोपीय मध्ययुगाचा ठराविक संच अद्भुताचा पर्याय समजला जातो. याला तांत्रिक कारणही आहे. तेथील वस्त्र पात्राच्या अदृश्य सांगाड्याला जखडलेले असते. चिलखताला अथवा अंगाबरोबर शिवलेल्या पोशाखाला हे मानवते. न शिवलेल्या नऊवारीचा कासोटा व निऱ्या मात्र साच्यातून काढल्यासारख्या ताठ होतात. नेसणे ही क्रिया आहे, आणि साच्यात केवळ तिचा परिणाम उतरतो.

हा उसनेपणा अटळ नाही, हे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' (2020) या खेळावरून दिसते. नायिका सर्कशीत कसरती करणारी; म्हणून तिची चपळता, तिचा आटोपशीर वेष आणि राजस्थानी घाटाच्या महालांचे खांब व सज्जे यांची एकमेकांशी संगती लागते. रंगयोजनेवर पहाडी चित्रकलेचा संस्कार आहे, आणि पूर्वकथा छायाबाहुल्यांनी सांगितल्या आहेत. येथे खेळणाऱ्याला वेष निवडण्याचे स्वातंत्र्य फारसे नाही, ही मर्यादा होय. तथापि रचनेची एकात्मता त्या मर्यादेचेच फळ आहे.

स्थळरचनेचा विचार करताना मीरा-भाईंदरमधील उत्तनजवळचे चौक हे गाव मार्गदर्शक ठरते. वसईच्या खाडीच्या मुखाशी असलेला धारावी किल्ला येथलाच. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739 च्या मार्चमध्ये तो मराठ्यांच्या हाती आला आणि मे महिन्यात वसई पडली. एखाद्या कल्पकाने हा किल्ला आभासी जगात उभारावयाचे ठरविले, तर काळवंडलेला दगड व तटावरचे गवत यांची नक्कल त्याला सहज साधेल. परंतु खाडी आणि पलीकडची वसई वगळली तर त्या बुरुजाला अर्थ राहणार नाही. कारण हा किल्ला महत्त्वाचा झाला तो जलमार्गावर त्याची नजर होती म्हणून. त्याचप्रमाणे पायथ्याशी बांबूंवर वाळणारे बोंबील आणि कोळ्यांच्या होड्या वगळल्या, तर तेथे कोणी राहते याची खूणही राहणार नाही. स्थळ म्हणजे पात्रामागचा पडदा नव्हे. पात्राला काय करता येईल व काय करता येणार नाही हे ठरविणारी ती शक्ती होय.

क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. आभासी आहार्यालाही तेच लागू करावे लागेल. अद्भुताने सत्याशी जुळावे अशी अपेक्षा नाही. वेषाने भूमिकेशी, भूमिकेने स्थळाशी आणि स्थळाने कृतीशी जुळावे एवढीच आहे. ती पुरी झाली तर एक बाकडेही पुरते. न झाली तर वाड्यामागून वाडे रचले तरी त्यांत कोणी वस्तीला येत नाही.