हिऱ्याची टोच आणि ब्लेडची खाच

चित्र देखणं आहे, यात वाद नाही. आरशासारख्या घासलेल्या सिरॅमिकवर हिऱ्याचं टोक दाबलं की सूक्ष्मदर्शकाखाली शंकरपाळ्यासारखा ठसा दिसतो आणि त्याच्या चारही कोपऱ्यांतून केसासारखे तडे निघालेले असतात. तडे जितके आखूड, तितकं ते सिरॅमिक चिवट. दाताच्या कॅपला हा चिवटपणा लागतोच. डॉक्टर चावा जुळवताना कॅप घासतात, त्यात ओरखडा राहतो. तो ओरखडा पुढे धावणार की जागीच थांबणार, एवढंच मोजायचं असतं.

या चित्राला १९८१ साली ऍन्स्टिस, चांतिकुल, लॉन आणि मार्शल यांनी सूत्र दिलं. मला त्यातला गुणक वाचायला फार आवडतो: ०.०१६, अधिक-उणे ०.००४. म्हणजे तडा मोजायच्या आधीच उत्तर पाव हिश्शाने इकडे-तिकडे. शिवाय तड्याची लांबी सूत्रात दीड घाताने येते, त्यामुळे तडा कुठे संपला हे ठरवताना दहा टक्के चुकलं की उत्तर पंधराएक टक्के चुकतं. चौघांनी काही लपवलं नव्हतं. पुढच्यांनी आकडा उचलला आणि अधिक-उणे तिथेच ठेवलं. शेवटी २००७ मध्ये क्विन आणि ब्रॅड्ट यांनी स्पष्टच लिहिलं, की सिरॅमिकचा चिवटपणा मोजायला ही पद्धत वापरू नये.

दुसरी पद्धत दिसायला अगदीच रुक्ष. तीन बाय चार मिलिमीटरची कांडी घ्यायची, तिला आधी करवतीने चीर पाडायची आणि मग त्या चिरेत हिऱ्याची पेस्ट लावून दाढीचं ब्लेड मागे-पुढे, मागे-पुढे फिरवत राहायचं. चिरेचा तळ निमुळता होईपर्यंत हात थांबवायचा नाही. मग कांडी वाकवून मोडायची. मोडतानाचा भार आणि खाचेची खोली यांवरून हिशेब. काचवाला हिऱ्याने रेघ ओढतो आणि काच हलक्या झटक्यात त्याच रेघेवर तुटते, त्याच जातीचं हे काम. दंत-सिरॅमिकच्या आयएसओ ६८७२ या मानकातही ही पद्धत दिली आहे.

गंमत अशी, की झिर्कोनिया या दंत-सिरॅमिकपुढे हे ब्लेडही बोथट ठरतं. झिर्कोनियाचे कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, खाचेचा तळ मात्र काही मायक्रॉन रुंद. बोथट खाच तडा सहजी सोडत नाही आणि आकडा आहे त्यापेक्षा जास्त येतो. म्हणून आता काही जण लेझरने अतिसूक्ष्म खाच पाडतात.

तरीही माझा कौल खाचेलाच. ती कुठे चुकते ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजून दाखवता येतं. कॅपच्या माहितीपत्रकावर चिवटपणाचा आकडा दिसला, तर तो कोणत्या पद्धतीने काढला हे जरूर विचारा.