४.४ आणि ४.७ : एका शोधनिबंधाचं रसग्रहण

वैद्यकीय शोधनिबंध कुणी आस्वाद घेत वाचेल, अशी अपेक्षा तो लिहिणाऱ्यांचीही नसते. निष्कर्ष पाहायचा, आपल्या कामात काही बदल करायचा तर करायचा, आणि पुढे जायचं. पण काही निबंध असे असतात की त्यांची बांधणी, त्यांतला संयम, आकडे समोर ठेवण्याची रीत पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. झुरिकचे भूलतज्ज्ञ मार्कुस वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया’त आलेला निबंध माझ्या लेखी तसा आहे. त्याचा प्रश्न एका ओळीत सांगता येतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना पूर्ण भूल देताना श्वासनळीत घालायची ट्यूब कफ्ड असावी की अनकफ्ड?

कफ म्हणजे ट्यूबच्या खालच्या टोकाजवळ बसवलेला फुगा. ट्यूब आत गेली की त्यात बाहेरून हवा भरतात, आणि ट्यूब व श्वासनळी यांच्यामधली फट तो बुजवतो. मोठ्या माणसांना अशीच ट्यूब घालतात. आठेक वर्षांखालच्या मुलांना मात्र फुग्याशिवायची साधी ट्यूबच घालायची, असं भूलशास्त्राच्या पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं गेलं. त्यामागची भीती अगदी खरी होती. ऑपरेशन नीट पार पडतं, ट्यूब निघते, आणि मूल श्वास आत ओढताना घोगरा, कर्कश आवाज करू लागतं. छाती आत खेचली जाते, आईबाप घाबरतात. हा स्ट्रायडर. ट्यूब घासून किंवा दाबून श्वासमार्गाला आतून सूज आली की तो होतो. ४ मिलिमीटर व्यासाच्या वाटेत चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली तर व्यास उरतो २ मिलिमीटर. वाटेचं क्षेत्रफळ पावपट होतं, आणि संथ प्रवाहाच्या गणिताने हवेला होणारा विरोध सोळापट वाढतो. एवढ्याच सुजेने मोठ्या माणसाचा फार तर घसा दुखेल.

त्या जुन्या शिकवणीचं मूळ पाहिल्याशिवाय वाइस यांच्या निबंधाची चव कळत नाही. १८९७ साली बायो या फ्रेंच डॉक्टरने मृत मुलांच्या स्वरयंत्रांचे प्लास्टरचे साचे काढले. त्यांत स्वरतंतूंच्या खालचं क्रिकॉइड हे कूर्चेचं कडं सर्वांत अरुंद दिसलं. जेम्स एकनहॉफ यांनी १९५१ साली त्याच साच्यांच्या आधारे मुलांचं स्वरयंत्र नरसाळ्यासारखं असतं असं लिहिलं, आणि ते चित्र पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं. नरसाळ्याच्या गोल तोंडात गोल ट्यूब आपोआप चपखल बसणार, मग फुगा कशाला? एकनहॉफ यांनी स्वतः सावधपणे नोंदवलं होतं की साच्यांवरची मापं जिवंत शरीराला तंतोतंत लागू पडतीलच असं नाही. चित्र टिकलं, ही सूचना मागे पडली. २००३ साली रोनाल्ड लिटमन आणि सहकाऱ्यांनी गुंगीत असलेल्या ९९ मुलांचे एमआरआय मोजले, तेव्हा आडव्या मापात सर्वांत अरुंद जागा स्वरतंतूंपाशीच सापडली. प्लास्टर ओतताना मऊ स्वरतंतू फाकले असणार, ताठ कडं मात्र जागचं हललं नसणार. शिवाय ते कडं पुरतं गोल नसतं. म्हणजे गोल ट्यूब पुढून-मागून सैल असली तरी बाजूंनी घट्ट दाबत असू शकते, आणि वरून सगळं ठीक वाटतं. घट्ट ट्यूब आणि पुन्हा पुन्हा ट्यूब घालणं यांचा ट्यूबनंतरच्या सुजेशी असलेला संबंध १९७७ सालच्या ७,८७५ मुलांच्या एका पाहणीत आधीच दिसला होता.

वाइस यांच्या निबंधात या इतिहासावर भाष्य जवळजवळ नाही, आणि ते मला आवडतं. जुन्यांना खोटं पाडण्याचा आवेश तिथे नाही. युरोपातली २४ केंद्रं, २,२४६ मुलं, सरासरी वय दोन वर्षांच्या आत, आणि कुणाला कोणती ट्यूब हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. १,११९ मुलं कफ्ड गटात, १,१२७ अनकफ्ड गटात. मोजायच्या मुख्य गोष्टी दोनच. ट्यूब काढल्यावर किती मुलांना स्ट्रायडर झाला, आणि योग्य मापाची ट्यूब बसेपर्यंत किती मुलांची ट्यूब बदलावी लागली.

यातल्या दुसऱ्या मोजणीपाशी मी थांबतो. स्ट्रायडर कुणीही मोजला असता, भांडण त्याच्यावरूनच होतं. पण ट्यूब बदलणं ही थिएटरमधली इतकी रोजची गोष्ट की ती गुंतागुंत म्हणून सहसा कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. प्रत्यक्षात काय होतं ते जवळून पाहा. चार वर्षांचं मूल आहे. अनकफ्ड ट्यूबचं सूत्र : वयाला चारने भागा, चार मिळवा. उत्तर ५ मिलिमीटर. ट्यूब आत जाते. भूलतज्ज्ञ झडप आवळून पिशवीतून हळूहळू दाब वाढवतात, एक डोळा दाबाच्या काट्यावर, स्टेथोस्कोप मुलाच्या गळ्यावर. पाण्याच्या २० ते २५ सेंटिमीटर दाबापाशी ट्यूबच्या बाजूने हवा सुटल्याचा आवाज आला तर माप जमलं. तिथेही आवाज आला नाही तर ट्यूब जाड आहे, ती काढून ४.५ची घालायची. दहाच्या आतच हवा सुटू लागली तर ती बारीक आहे, ५.५ची घालायची. दर खेपेला लॅरिंगोस्कोप पुन्हा तोंडात, जीभ पुन्हा उचलायची, ट्यूब पुन्हा स्वरतंतूंमधून जाणार, आणि तेवढा वेळ मुलाला श्वास मिळणार नाही. कफ्ड ट्यूब मुळातच अर्ध्या मापाने बारीक घेतात. उरलेली फट फुगा भरतो.

आता निकाल. ट्यूब बदलावी लागली अशी मुलं अनकफ्ड गटात ३०.८ टक्के, कफ्ड गटात २.१ टक्के. म्हणजे एका बाजूला साडेतीनशेच्या आसपास मुलं, दुसऱ्या बाजूला जेमतेम पंचवीस. १९९७ साली खाइन आणि सहकाऱ्यांनी ४८८ मुलांवर केलेल्या अभ्यासातही कल हाच होता, २३ टक्के विरुद्ध १.२. आणि स्ट्रायडर? कफ्ड गटात ४.४ टक्के, अनकफ्ड गटात ४.७. दोहोंत फरक म्हणावा असं काही नाही. अर्धशतकभर ज्या भीतीपोटी फुगा टाळला, ती या दोन आकड्यांत पडताळली गेली आणि तिला आधार मिळाला नाही.

इथे घाईचा वाचक म्हणेल की ट्यूब कमी वेळा बदलल्या, म्हणून सूजही कमी झाली. निबंध हे म्हणत नाही, आणि त्याच्या आकड्यांवरून तसं म्हणताही येत नाही. इतक्या मुलांच्या ट्यूब बदलूनही अनकफ्ड गटातला स्ट्रायडर वाढलेला दिसत नाही. लेखकांना स्वतःच्या बाजूने एक पाऊल पुढे टाकायचा मोह सहज झाला असता. ते निष्कर्षात एवढंच सांगतात की कफ्ड ट्यूबने श्वासमार्ग खात्रीने बंदिस्त राहतो, ट्यूब बदलण्याची गरज घटते, आणि स्ट्रायडरचा धोका वाढत नाही. ‘कमी होतो’ असं न लिहिता ‘वाढत नाही’ एवढंच लिहिणं, हा संयम मला या निबंधातला सर्वांत मोलाचा गुण वाटतो. ज्याचा पुरावा आहे तेवढंच बोलायचं, ही शिस्त मुलांच्या जिवाशी संबंध असलेल्या लेखनात तरी अपवादानेसुद्धा सुटू नये.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो आकडा वेगळाच आहे, १०.६. श्वासमार्ग बंद करायला फुग्यात सरासरी किती दाब लागला, तर पाण्याचे १०.६ सेंटिमीटर. अभ्यासाने घातलेली कमाल मर्यादा होती २०. म्हणजे जवळजवळ निम्म्या दाबात काम झालं. फुगा अस्तराला जास्त दाबून बसला की तिथला रक्तपुरवठा आवळला जातो, आणि जखमेची सुरुवात तिथून होते. शिवाय भुलेत नायट्रस ऑक्साइड वापरला तर तो फुग्यात झिरपतो आणि दाब आपोआप चढत जातो. सुरुवातीला एकदा मोजून भागत नाही. म्हणून या अभ्यासात फुग्याला एक झडप जोडली होती, दाब २०च्या वर गेला की जादा हवा सोडून देणारी. फुग्याचा कारभार कुणाच्या अंदाजावर सोडलेला नव्हता. ४.४ हा आकडा या झडपेसकट वाचायचा असतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. ट्यूब घालणाऱ्याला तिला फुगा आहे की नाही हे दिसणारच, ते झाकता येत नाही. कफ्ड गटात एकच ट्यूब होती, मायक्रोकफ. तिचा फुगा पॉलियुरेथेनचा, सुमारे १० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. जाड, सुरकुतणारा फुगा लावलेल्या कुठल्याही ट्यूबला हा निकाल तसाच चिकटवणं चूक ठरेल. ३ किलोखालच्या बाळांसाठी ती ट्यूब बनवलेलीच नव्हती. आणि मोजलं गेलं ते ट्यूब काढल्यानंतरचं. महिन्या-वर्षाने श्वासनळी आकसली का, हा निराळा प्रश्न आहे.

तरी या निबंधानंतर वारं फिरलं हे खरं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० सालच्या मुलांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत तान्ह्या बाळांसाठी आणि मुलांसाठी अनकफ्डपेक्षा कफ्ड ट्यूब निवडणं योग्य मानलं आहे, आणि त्याच दमात मापाकडे, जागेकडे व फुग्यातल्या दाबाकडे लक्ष द्यायला बजावलं आहे.

हा शेवटचा भाग सर्वांत सहज गळतो. ट्यूब विकत येते, दाबमापक येतोच असं नाही. मग आतल्या फुग्याला जोडलेल्या बाहेरच्या छोट्या फुग्याला बोटांनी चाचपून दाब ठीक आहे असं ठरवलं जातं, आणि बोटांचा हा अंदाज भरवशाचा नसतो. त्यात हवा बहुधा जास्तच भरली जाते. मुलांची ऑपरेशन्स करणाऱ्या लहान-मोठ्या प्रत्येक रुग्णालयाच्या चालकांना माझी विनंती आहे, कफ्ड ट्यूबची ऑर्डर देताना त्याच कागदावर दाबमापकही लिहा. आणि भूलतज्ज्ञांनो, तो दर मुलाला लावा, ऑपरेशन चालू असताना अधूनमधून पुन्हा बघा. ती ट्यूब सुरक्षित ठरली ती दाब मोजून वापरल्यावर.