सह्याद्रीतील ओवी आणि तिच्या कर्त्रीचा प्रश्न

जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह मराठीत पुष्कळ झाले. परंतु ओवीची कर्त्री कोण, हा प्रश्न त्यांपैकी बहुतेकांनी उपस्थितच केला नाही. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवना’त ओव्या विषयवार लावलेल्या आहेत आणि त्यांमागचा जिव्हाळा संशयातीत आहे, पण ओवी कोणी म्हटली, ह्याला तेथे महत्त्व नाही. कमलाबाई देशपांडे ह्यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ म्हटले, ते मार्मिक होते. पुरुषांनी न रचलेले, हा त्या शब्दाचा एक अर्थ. वेदांप्रमाणे कर्ताच नसलेले, हा दुसरा. पहिला अर्थ यथार्थ होता. दुर्दैवाने पुढील अभ्यासात दुसराच अधिक रुजला, आणि दळणाऱ्या बाईच्या जागी ‘लोकमानस’ नावाची एक धूसर शक्ती येऊन बसली.

ओवीची प्राचीनता ह्या समजुतीस पोषक ठरली, हे खरे. पश्चिम चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या ‘मानसोल्लासा’त (इ. स. ११२९) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. कांडताना, दळताना नव्हे. ओवीची उपपत्ती केवळ जात्याच्या फेऱ्यात शोधणाऱ्यांनी हा तपशील लक्षात घ्यावयास हवा. शिवाय प्रकार प्राचीन असला म्हणून त्यातील प्रत्येक रचना प्राचीन ठरत नाही.

ह्या दृष्टीने हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ ह्यांचे कार्य निराळे आहे. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ खेड्यांत गरीब डोंगरी संघटनेच्या निमित्ताने वावरताना ह्या ओव्या त्यांच्यापुढे आल्या. त्यांतून वाढत गेलेला संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा असून गाणारीचे नाव आणि गाव त्यात नोंदलेले आहे. बर्नार्ड बेल ह्यांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. लिहून घेतलेल्या मजकुराच्या मानाने ते थोडेच म्हणावे लागेल. छापील ओवी दोन ओळींची दिसते. गळ्यातली तशी नसते. अर्धा चरण पुन्हा घेतला जातो, मध्येच ‘बाई’, ‘गं’ असे संबोधन येते, खुंट्याच्या दुसऱ्या बाजूची बाई ओळ उचलते, जात्याला घास घालताना क्षणभर सूर थांबतो. संपादकांनी ही ‘भरताड’ गाळली. वस्तुतः ओवीचे संगीत त्या भरताडातच आहे.

कर्त्रीचे नाव कळल्याने काय साधते? मुळशीचे उदाहरण घेता येईल. तेथील खोऱ्यात धरण बांधण्यास विरोध म्हणून सेनापती बापट ह्यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ ह्या काळात सत्याग्रह झाला. धरण झालेच, आणि १९२७ साली भिरा येथील केंद्र सुरू होऊन वीज मुंबईकडे गेली. ज्या टाटा उद्योगसमूहाचे हे धरण, त्याच्याच संस्थापकाने, जमशेटजींनी, १८८६ साली कुर्ल्याची जुनी धरमसी गिरणी घेऊन तिची ‘स्वदेशी’ केली होती. पाण्यापाठोपाठ माणसेही निघाली. पुणे-साताऱ्याचे घाटमाथे आणि रत्नागिरी ह्यांनी मुंबईच्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरविले. ‘घाटी’ हा शब्द तेव्हापासून कुत्सितपणे शहरात रुळला. मागे राहिलेल्या बाईच्या ओवीत मुंबई येते ती धन्याला नेणारे गाव म्हणून. गढवालमधील ‘खुदेड’ गीतांत माहेरासाठी झुरणारी सासुरवाशीण आहे. हिमालयातील त्या डोंगरांतूनही पुरुष मैदानी प्रदेशात आणि फौजेत गेले. दोन्हीकडे विरह आहे, म्हणून डोंगरी स्त्रीचे मन सर्वत्र एकच, असे म्हणणे सोपे आहे; परंतु मुंबईचे नाव घेणारी ओवी कोणत्या खोऱ्यातील बाईने म्हटली, हे कळल्यावाचून तिच्यातील तक्रार दैवाविरुद्ध आहे की गिरणीविरुद्ध, हे ठरविता येत नाही.

आंबेडकरांविषयीच्या ओव्या तर ‘लोकमानसा’ची उपपत्ती सरळच मोडतात. त्या विसाव्या शतकातल्या आहेत, विशिष्ट समाजातील स्त्रियांच्या आहेत, आणि रामसीतेच्या ओव्यांच्याच घाटात बांधलेल्या आहेत. जुन्या घाटात नवा आशय ओतणारी व्यक्ती कवीच असते. तिला केवळ ‘परंपरेची वाहक’ म्हणणे हा अन्याय आहे.

मात्र गाववार वर्गीकरणालाही मर्यादा आहे. स्त्रीला गावे दोन, माहेर आणि सासर. मुळशीत टिपलेली ओवी आईकडून मावळात किंवा भोरकडे शिकलेली असू शकते. कुर्ल्यासारख्या ठिकाणी हा गुंता वाढतो. तेथे चाळीत पिठाची गिरणी आली आणि रोजचे जाते गेले (कापडाच्या व पिठाच्या कारखान्याला मराठीत एकच शब्द असावा, हाही एक योगच), स्वदेशी गिरणीही पुढे बंद पडली. लग्नाच्या हळदीपुरते जाते मात्र अजून पुजले जाते आणि त्या वेळी चार ओव्या म्हटल्या जातात. त्या कुर्ल्याच्या म्हणून नोंदविल्यास अर्धी माहिती हरवते. गाणारीचे माहेर, तिचे सासर, ओवी कोणाकडून आली, आणि शहरात आल्यावर तिने कोणता शब्द बदलला, ह्या चार गोष्टी नोंदीत स्वतंत्रपणे याव्यात. बदललेला शब्द चूक म्हणून दुरुस्त करू नये.