कोळवणातले साहेब आणि त्यांचं भांडण : ठाणे गॅझेटियरचं एक वाचन

पत्रिकेवर विषय छापला आहे, 'सरहद्दीवरच्या जमाती आणि इंग्रज अधिकाऱ्यांचे वाद'. शहापुरात बसून कसली सरहद्द, असं येताना दोघातिघांनी आम्हाला विचारलं. म्हणून आधी तेवढं निस्तरू या.

सरहद्द म्हटली की पठाण, बलुची डोळ्यांपुढे येतात. पण सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात होता, हे आपण विसरतो. १८७० च्या आसपास मरी आणि बुगटी या बलुची टोळ्यांना कुणी आणि कसं सांभाळायचं, यावरून पंजाबकडचे सँडेमन आणि सिंधचे कमिशनर मेरीवेदर यांचं चांगलंच जुंपलं होतं. सँडेमन थेट टोळीच्या सरदारांशी बोलणारा. मेरीवेदरचं म्हणणं, जे काय बोलायचं ते कलातच्या खानामार्फत. शेवटी १८७१ मध्ये मिठणकोटला दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना एकत्र बसवावं लागलं. म्हणजे टोळ्यांशी तह राहिला बाजूला, आधी साहेबांचाच तह. (हशा)

त्याच मुंबई सरकारची दुसरी एक सरहद्द होती, आतली. ती आपल्या डोक्यावर उभी आहे. थळघाट, माळशेज, नाणेघाट. वर नाशिक, नगर, पुणे. खाली आपलं ठाणे. शहापूरच्या मुलखाला जुन्या कागदांत कोळवण म्हणत. महादेव कोळ्यांची बंडं या डोंगरात झाली आणि प्रत्येक वेळी सरकारची अडचण तीच. माणूस घाट चढला की एका कलेक्टरच्या हद्दीत, उतरला की दुसऱ्याच्या. राघोजी भांगरे १८४४-४५ मध्ये उठला, १८४८ च्या जानेवारीत पंढरपूरला सापडला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. हे तुम्हाला पाठ आहे, आम्ही पुन्हा सांगत नाही. आमचा विषय त्यानंतरचा आहे. बंदुका थंडावल्यावर या डोंगरातल्या माणसावर हुकूम कुणाचा, हा प्रश्न मिटला नाही. तो कोयत्यावर आणि टहाळावर येऊन बसला.

आता ग्रंथाकडे वळतो. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई गॅझेटियरचा तेरावा खंड ठाणे जिल्ह्याचा. तो दोन भागांत १८८२ साली निघाला. आम्ही चारपाच जण गेला पावसाळाभर तो एकत्र वाचत होतो. ग्रंथ मोठा आहे. नांगरापासून नाण्यापर्यंत त्यात काय नाही! आजही या तालुक्यांवर लिहिणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडून उसनं घेतो, आम्हीही घेतो. पण उसनं घेताना भांडं कुणाच्या घरचं आहे ते पाहावं लागतं.

अनुक्रमणिका काढून बघा. जंगल कुठे आहे? 'उत्पादन' या प्रकरणात. खनिजं, गुरं, वन्य प्राणी, मासे यांच्या पंगतीला. ठाकूर, वारली, कातकरी, कोळी कुठे आहेत? 'लोकसंख्या' या प्रकरणात. शेतसारा आणखी पुढे, गुन्हे त्याच्याही पुढे. प्रकरणांची ही वाटणी वाचकाच्या सोयीची वाटते. आम्हाला वाचता वाचता असं दिसायला लागलं की ही खात्यांची वाटणी आहे. जंगल खातं, महसूल खातं, अबकारी, पोलीस. प्रत्येकाने आपापलं दप्तर दिलं आणि संपादकाने ते एका आवाजात बांधलं. त्यामुळे वैशाखात मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरून खांद्यावर कोयता टाकून निघालेला माणूस या ग्रंथात कुठल्याच एका पानावर पुरता भेटत नाही. त्याची जात एका प्रकरणात, त्याचं झाड दुसऱ्या, त्याचा सारा तिसऱ्या आणि त्याने झाड तोडलं तर तो स्वतः चौथ्या.

आणि तो निघाला कशाला होता? राबाला. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी राब भाजलेला असेल, पण हे ऐकणारे बाहेरगावचेही आहेत म्हणून सांगतो. भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, टहाळ, पाला, गवत यांचे थर अंथरायचे, वर माती पसरायची आणि ते पेटवायचं. पाऊस पडला की त्या भाजलेल्या जागेत बी टाकायचं. रोप जोमदार येतं, तण कमी होतं. आता टहाळ कुठून आणायचा? वरकसावरच्या आणि जंगलातल्या झाडांवरून. १८७८ चा जंगल कायदा आला, राखीव आणि संरक्षित अशा रेघा पडू लागल्या आणि टहाळ तोडणारा हात दोन साहेबांच्या मधे अडकला.

जंगल खात्याचं म्हणणं सरळ होतं. वर्षानुवर्षं फांद्या खुडल्या की झाडाचं खोड राहतं, लाकूड होत नाही. आणि लाकूड पाहिजेच होतं. रेल्वे १८५४ ला कल्याणला, पुढे वाशिंदला पोचली, १८६५ ला थळघाट चढून गेली. कलेक्टरचं म्हणणंही तितकंच सरळ. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही आणि भात नाही तर सारा कोण भरणार? त्यात शेतकी खातं शिरलं. त्याचे संचालक ओझॅन यांनी राबाचे प्रयोग करून पाहिले. पुढे व्होल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ विलायतेहून आले. १८९३ च्या त्यांच्या अहवालात भारतीय शेतीच्या मोठमोठ्या प्रश्नांसोबत आपला राबही चर्चेला आहे. शहापूरच्या आजीला जे माहीत होतं ते ठरवायला एवढी खाती लागली.

हे भांडण इतकं वाढलं की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतल्या तक्रारी त्यामागे होत्या. ठाण्यात तर तक्रारी मांडायला जमीनधारकांची स्वतंत्र संस्थाच उभी राहिली होती. कमिशनचा अहवाल १८८७ चा. गॅझेटियर आणि हा अहवाल यांच्यात अंतर पाच वर्षांचं, पण गॅझेटियरमध्ये जे सरकार एका सुरात बोलतं तेच इथे आपसात वाद घालताना दिसतं. आम्ही तर म्हणू की गॅझेटियर एकट्याने वाचूच नये. कमिशन शेजारी ठेवावं आणि मगच वाचावं.

आता आमचा खरा आक्षेप. तो कॅम्बेलवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. मराठीत या काळावर लिहिताना आपल्याला एक सवय लागली आहे. कलेक्टर म्हणजे मायबाप, जंगल साहेब म्हणजे दुष्ट. कमिशनसमोर रयतेची बाजू मांडणारा महसुली अधिकारी दिसला की आपण त्याला लगेच आदिवासींचा कैवारी ठरवतो. पण त्याला हवं काय होतं? जंगल अधिकाऱ्यावर आपला हुकूम. तो पुष्कळसा मिळालाही. मुंबई इलाख्यात विभागीय जंगल अधिकारी तांत्रिक बाबी सोडल्या तर कलेक्टरच्या हाताखाली राहिला. आणि तक्रार करणाऱ्या जमीनधारकांना काय हवं होतं? आपल्या जमिनीवरच्या झाडांचा, विशेषतः सागाचा, हक्क. त्यात गैर काही नाही. फक्त ठाकराचं, कातकऱ्याचं नाव सगळ्यांच्याच तोंडी होतं. एकाला ते अधिकारासाठी लागलं, दुसऱ्याला सागासाठी. जंगल साहेबालाही लागलं, कारण या लोकांना सावकार लुटतो, आम्ही नाही, असं त्याला म्हणता यायचं. आणि हे म्हणणं अगदी खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

तरीही हे भांडण फुकट गेलं असं आम्ही म्हणणार नाही. राबाला ज्या काही सवलती मिळाल्या त्या दोन साहेब भांडले म्हणून मिळाल्या. आपल्या पाड्यांबद्दल इतके तपशील कागदावर आले तेही त्याचमुळे. प्रत्येक बाजूला दुसरीला खोटं पाडायचं होतं, म्हणून तर विचारपूस झाली.

भांडण नव्हतं तिथे काय झालं तेही बघा. मोहाचं झाड घ्या. खोड जंगल खात्याचं. झाड ज्या जमिनीवर उभं तिचा सारा कलेक्टरचा. आणि फूल? फूल अबकारीचं, कारण फुलातून दारू निघते. कातकरी, ठाकूर, वारली ती फुलं वाळवून खातातही, टंचाईच्या दिवसांत तर पोटाला तोच आधार. पण १८९२ साली मोहाचा कायदा आला आणि ठाणे, कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्या-विकण्यावर निर्बंध आले. दारूच्या महसुलापुढे राबासारखी चुरस कुणी लावली नाही. (जाता जाता, तानसाचं धरणही १८९२ चंच. इथलं पाणी मुंबईला जायला लागलं ते त्या वर्षी.) दळीची शेती, म्हणजे डोंगरउतारावर झाडोरा जाळून नागली, वरी पेरायची रीत, तिच्याबद्दलही तसंच. ही रानटी पद्धत आहे, ती मोडली पाहिजे, यावर साहेब लोकांचं जवळपास एकमत. म्हणून राबाबद्दल कागद जसा बोलतो तसा दळीबद्दल बोलत नाही. एकमत झालं की विचारायला कुणी जात नाही.

शेजारच्या डहाणू-उंबरगावच्या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० चं. या सगळ्यानंतर ते पुन्हा वाचलं तेव्हा आम्हाला एक गोष्ट जाणवली. वेठीला धरलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं की खात्यांमधला हा बारीक फरक फारसा उरतच नाही. बोलावणं कुणाचंही असो, जायचं असतं.

हे सगळं आम्ही पुस्तकी कुतूहलाने वाचत होतो असं नाही. आमच्यातल्या एकाच्या घरचा वनहक्काचा दावा आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेने ठराव केला, मोजणी झाली, कागद वर गेले. मग एका कार्यालयाने सांगितलं, नकाशा दुसरीकडून येऊ द्या. दुसऱ्याने सांगितलं, आमच्या नकाशात ही जागा वेगळी दिसते, आधी त्यांना दुरुस्त करू द्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या कारकुनाने, माणूस भला होता, फाईल उघडून दाखवली. आत दोन नकाशे होते. दोन्हींवर सही-शिक्का होता आणि ओढा वेगवेगळ्या बाजूने वाहत होता.

त्या रात्री आम्ही राबाचं पान पुन्हा काढलं.

तर पुढच्या महिन्यात कमिशनच्या साक्षी घेऊ. त्यातला कोण स्वतःहून आला, कोणाला आणलं आणि कोणाचं म्हणणं दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं, एवढंच बघायचं आहे. ज्यांच्या घरी जुने पावती-दाखले, टहाळाचे परवाने, दंडाच्या चिठ्ठ्या असतील त्यांनी झेरॉक्स घेऊन यावं, मूळ कागद आणू नये. आता प्रश्न असतील तर विचारा.