न विचारलेल्या मुलांची गोष्ट



'कुमारसाहित्यावर काहीतरी लिहा' असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हा, की कुमार म्हणजे नक्की कोण? चांदोबा-परीराणीच्या गोष्टींना 'बाळबोध' म्हणून नाक मुरडणारी, पण आईबाबांच्या कपाटातल्या जाड कादंबऱ्यांपर्यंत अजून न पोहोचलेली, साधारण बारा ते अठरा वयाची मुले. इथल्या ग्रंथालयात त्यांच्यासाठी 'यंग अ‍ॅडल्ट' नावाचे वेगळे दालनच असते. मराठीत मात्र बालसाहित्य आणि मोठ्यांचे साहित्य यांच्यामध्ये हा एक अरुंद बोळ आहे. त्यात काही फार सुंदर घरे आहेत, पण मोजकीच.

या बोळात आणखी काय यावे, असे कोणी विचारले तर यादी करणे सोपे आहे. विज्ञान हवे, पर्यावरण हवे, खेळ हवेत, इंटरनेटचे धोके हवेत. ही सगळी हवीतच. पण एक वाचक म्हणून मला मागायचे आहे ते एकच. ज्या मुलाचे गाव, शाळा, मित्र आणि भाषा मोठ्यांच्या एका निर्णयाने बदलली आणि त्या निर्णयाआधी ज्याला कोणी विचारले नाही, त्याची गोष्ट मला हवी आहे. अवोन्डेलमध्ये राहणाऱ्या माझ्यासारखीला ती हवीशी वाटावी यात नवल नाही. पण ही मागणी फक्त परदेशातल्या मराठी घरांची नाही, हे पुढे ओघाने येईलच.

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहू. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिले आणि 1935 साली ते प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाची आठवण आपण बहुधा डोळे पुसतच काढतो. त्यामुळे त्यात पैशाविषयी किती स्पष्टपणे लिहिले आहे, हे आपल्या लक्षात राहत नाही. श्यामच्या घरावर कर्ज आहे, वसुलीला माणूस दारात येतो, आईचा अपमान होतो, आणि हे सारे मुलाच्या डोळ्यांसमोर घडते. वडील चांगले आहेत, तरीही घर सावरायला ते कमी पडतात. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे मराठी मुलांना नव्वद वर्षांपूर्वी एका पुस्तकाने सांगितले. पुढच्या काळात शहरी मध्यमवर्गीय घरांतल्या कुमारकथांमधून मात्र पैसा हळूहळू दिसेनासा झाला. बाबा सकाळी 'ऑफिसात' जातात आणि संध्याकाळी परत येतात. मधल्या वेळात ते काय करतात, त्यात त्यांचे काय पणाला लागते, याचा मुलांना पत्ता नसतो.

मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो, म्हणजे घर सोडून आलेलाच मुलगा. पण भागवतांना साहस सांगायचे होते, आणि साहसकथेत आईवडील जवळपास नसणे ही लेखकाची सोयच असते. ते जवळ असते तर बन्याला रात्री चोरांच्या मागे सायकल कोणी दामटू दिली असती? तेव्हा तक्रार नाही. फक्त नोंदवायचे एवढेच, की घरापासून दूर असण्याचे बन्याला काय वाटते, यापाशी त्या गोष्टी फारशा थांबत नाहीत.

तिथे थांबला तो प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास' हे पुस्तक 1994 साली आले आणि पाठोपाठ आणखी तीन. आईवडील आणि भावंडे दुसऱ्या गावी, आणि लंपन बेळगावात आजी-आजोबांकडे. आजी-आजोबांचा जीव आहे, शाळा आवडते, मित्र आहेत, सुमी आहे. आणि तरीही आत कुठेतरी आईच्या घराची ओढ आहे. संत कोणावर ठपका ठेवत नाहीत. पण पहिल्या पुस्तकाचे नाव 'वनवास' आहे, हे विसरू नये. रामाप्रमाणेच लंपनलाही दुसऱ्यांनी ठरवलेल्या ठिकाणी जावे लागले. शिवाय त्याची भाषा पाहा. मराठीत कानडी मिसळलेली, आपलीच लय असलेली. ही सरमिसळ संतांनी झाडून काढली नाही, त्यामुळेच त्या मुलाचा आवाज खरा वाटतो. माझ्या मागणीचा सर्वांत जवळचा नमुना मराठीत आहे तो हाच.

आता मिलिंद बोकिलांची 'शाळा' (2004). नववीतला जोशी, आणीबाणीचे दिवस, आणि शिरोडकर. ही कादंबरी माझी आवडती आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी एक प्रश्न विचारावासा वाटतो. शेवटी शिरोडकर गाव सोडून निघून जाते, आणि आपण जोशीबरोबर मागे राहतो. त्याचे रितेपण आपल्याला पुरते कळते. पण ती कुठे गेली? नव्या शाळेत पहिल्या दिवशी ती कोणत्या बाकावर बसली? तिथल्या मुलींनी तिला काय विचारले? 'शाळा' ही जोशीची गोष्ट आहे, तेव्हा ही उत्तरे तिथे शोधणे योग्य नाही. पण दुसऱ्या कोणीतरी ती द्यायला हवी होती. आपल्या कथा बहुतेक वेळा राहणाऱ्याबरोबर राहतात. जाणारा माणूस एकदा गाडीत बसला, की तो कथेतूनच जातो.

प्रत्यक्षात मात्र महाराष्ट्रातली किती मुले सतत 'जाणारी' आहेत! बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांचे शाळेचे वर्ष मधोमध तुटते. धरणाखाली गेलेल्या गावांची मुले आहेत. ल. म. कडूंच्या 'खारीच्या वाटा' या कादंबरीत गाव धरणात जाण्याचे दुःख मुलाच्या नजरेतून येते, आणि तिला 2017 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या नोकरदारांची मुले आहेत. आणि मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर आजीला मिठी मारून रडणारी, आपल्या घरांतली मुले आहेत. ऊसतोड कामगाराच्या मुलीचे हाल आणि आपल्या मुलांची अडचण एका तराजूत तोलता येणार नाहीत, हे उघड आहे. पण 'मला कोणी विचारलेच नाही' हे वाक्य दोघांच्याही मनात असते. साहित्याने पकडायचे ते हे वाक्य.

अवोन्डेलमधल्या अशा एका मुलाची कादंबरी कोणी लिहिली, तर तिच्यात काय असेल? पहिली गोष्ट म्हणजे बाबांचे काम. पुण्यात बँकेत अधिकारी असलेले बाबा इथे येऊन रात्रपाळीत सुपरमार्केटच्या फळ्या भरतात, कारण प्रत्येक मुलाखतीत 'न्यूझीलंडचा अनुभव' विचारला जातो. आई एम.एस्सी., पण वृद्धाश्रमात मदतनीस. आपण मोठी माणसे कार्यक्रमाच्या मध्यंतरात हे दिवस हसून सांगतो, कारण आता ते सरले आहेत. पण तेव्हा बारा वर्षांच्या मुलाने बाबांना त्या गणवेशात पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्याला काय वाटले? लाज वाटली का? आणि लाज वाटल्याचीच लाज वाटली का? हे त्याने कोणाला सांगितले? श्यामने सांगितले असते.

दुसरी गोष्ट भाषा. सहा महिन्यांत मुलगा इथले इंग्रजी उचलतो आणि घरातला दुभाषी होतो. घरमालकाचे पत्र तो वाचतो, फोनवर तो बोलतो, डॉक्टरांपुढे आईचे दुखणे तो सांगतो. तेराव्या वर्षी त्याला घरातल्या अशा गोष्टी कळतात, ज्या एरवी कळल्या नसत्या. सत्ता उलटी होते. आणि त्याच वेळी रविवारी आजीशी बोलताना त्याचे मराठी अडखळते, 'ळ'चा 'ल' होतो, आजी हसते, आणि पुढच्या रविवारी तो फोनवर यायला टाळतो. घरात कोणाचाच दोष नसताना घडणारी ही छोटी दुःखे आहेत, आणि ती कुमारकादंबरीतच मावतात.

इथे कोणी म्हणेल, आईवडील असे हतबल किंवा चुकलेले दाखवणे मुलांच्या हाती द्यावे का? आपल्या संस्कृतीत ते बसते का? या शंकेला उत्तर इथल्याच मातीतल्या एका पुस्तकात आहे. विटी इहिमाएरा या माओरी लेखकाच्या 'द व्हेल रायडर' (1987) मध्ये पणजोबांना वंशाचे नेतृत्व करायला मुलगाच हवा आहे, आणि समोर आहे ती काहू नावाची पणती. म्हातारा तिला दूर लोटतो. तो चुकतो आहे हे वाचकाला सतत दिसते. पण त्याच्या चुकीमागे आपली जमात बुडते आहे ही खरी भीती आहे, हेही दिसते. पोरीची त्याच्यावरची माया आटत नाही. वडीलधाऱ्यांची चूक दाखवूनही त्यांचा मान कसा राखावा, याचा इतका चांगला धडा दुसरा नाही. 2002 साली त्यावर निघालेला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुलांबरोबर पुस्तकही वाचावे.

त्याच्या जोडीला केट डी गोल्डी यांचे 'द टेन पीएम क्वेश्चन' (2008). बारा वर्षांच्या फ्रँकीची आई नऊ वर्षे घराबाहेर पडलेली नाही. घरातले सगळे त्याभोवती आपापली कामे वाटून घेऊन जगतात, आणि कोणी त्याविषयी बोलत नाही. परदेशात आल्यावर घरात कोंडल्या गेलेल्या आया आपल्यातही असतात. त्यांच्या मुलांना हे पुस्तक वाचून आपण एकटे नाही असे वाटेल. मराठीत असे पुस्तक असते तर त्या आईलाही ते वाचता आले असते.

तिसरी गोष्ट गावाची. मॉरिस गी यांच्या 'अंडर द माउंटन' (1979) मध्ये ऑकलंडचे ज्वालामुखी आणि पुपुके तलाव यांच्याभोवती सारे कथानक घडते. ते वाचलेल्या मुलाला रंगिटोटो बेट पूर्वीसारखे दिसत नाही. संतांनी बेळगावला हेच केले. आमच्या अवोन्डेललाही सामग्री कमी नाही. रेसकोर्सवरच्या रविवारच्या बाजारातली कोथिंबिरीची जुडी आणि तिथे कानावर पडणाऱ्या दहा भाषा. गावाच्या नावाने ओळखला जाणारा, मुळात ऑस्ट्रेलियातून आलेला अवोन्डेल कोळी, ज्याचा मोठा पुतळाच इथे उभारला गेला. आणि खुद्द गावाचे नाव! 1882 सालापर्यंत याला 'फाउ' म्हणत, मग ते 'अवोन्डेल' झाले. शाळेत पहिल्याच दिवशी जिच्या नावाचे 'मृण्मयी'वरून 'मिया' झाले, त्या मुलीला हा तपशील लेखकाने सांगायलाच हवा. शेजारी सामोआ, टोंगा, चीन, फिजी इथून आलेली घरे आहेत. त्यांच्याविषयी आपण जेवणाच्या टेबलावर काय बोलतो, रंगावरून आणि आपल्याच लोकांच्या जातीवरून काय बोलतो, हे मुले ऐकत असतात. तेही यावे. ते वगळले तर पुस्तक गोड होईल, पण मुले त्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

शेवट कसा असावा, याविषयीही एक मागणे आहे. परदेशी मराठी मुलांवरच्या गोष्टींचे दोन ठरलेले शेवट आपल्या परिचयाचे आहेत. एकात मुलगा सुट्टीत भारतात जातो आणि आजीच्या हातच्या पुरणपोळीने त्याला आपल्या संस्कृतीची महती पटते. दुसऱ्यात तो शाळेत पहिला येतो आणि आईवडिलांच्या कष्टांचे चीज होते. दोन्ही शेवट मोठ्यांच्या समाधानासाठी आहेत. शॉन टॅन यांच्या 'द अरायव्हल' (2006) या शब्दच नसलेल्या चित्रपुस्तकाचा शेवट पाहा. बाबा एकटे परक्या शहरी आधी जातात, मग बायको आणि मुलगी येतात, आणि अखेरीस ती छोटी मुलगी नव्याने आलेल्या कोणा बाईला रस्ता दाखवते. बस, एवढेच. प्रश्न सुटले असे कोणी म्हणत नाही. पण मुलगी आता रस्ता विचारत नाही, दाखवते.

'हे सगळे ठीक, पण आमची मुले मराठी वाचतात कुठे?' हा प्रश्न येणारच, आणि तो खरा आहे. पण वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवता येते. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संगणकावर उपलब्ध आहेत. 2024 साली 'लंपन' ही मालिका सोनी लिव्हवर आली, म्हणजे वाचनाकडे जाणारी एक वाट पडद्यावरूनही निघते. आणि मुलांनी मराठी पुस्तक उघडावे असे वाटत असेल, तर उघडल्यावर त्यांना त्यात आपण दिसायला हवे. आज त्यांना बहुतेक वेळा त्यात आईबाबांचे बालपण दिसते.

लिहिणार कोण, हा त्याहून अवघड प्रश्न. पुण्या-मुंबईचे लेखक आपल्यासाठी हे लिहितील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. अनुभव आपल्याकडे आहे. म्हणून संपादक मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षी स्मरणिकेच्या मुलांच्या विभागात 'माझी भारतवारी' हा विषय देऊ नये. 'आम्ही इथे आलो तेव्हा' हा द्यावा. मराठीत, मोडक्या मराठीत, इंग्रजी मिसळलेल्या मराठीत, जसे येईल तसे लिहू द्यावे आणि छापताना फार सुधारू नये. आणि आईबाबांनी तो कागद आधी तपासायला मागू नये. आपल्याविषयी त्यात काय लिहिले आहे, ते स्मरणिका हातात आल्यावरच सर्वांबरोबर वाचावे.